कढीपत्त्याचं उत्तर वर लावलं तेव्हा

कुणी काही विचारलं की ज्याच्या अंगात बळ येतं, असा दुसरा माणूस आख्ख्या नाशिक जिल्ह्यात सापडायचा नाही. हे माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले, पुढे आत्या गेली, मुलगी लग्न होऊन बंगळूरला गेली, आणि नाशिकरोडच्या घरात आतोबा नि गच्चीवरच्या कुंड्या एवढंच उरलं. मग गच्चीवर बाग करणाऱ्यांचा एक ऑनलाइन फोरम त्यांनी चालवायला घेतला. तेव्हापासून दुपारची झोपसुद्धा ते फोन छातीवर ठेवून घेतात.

उत्तर देण्याची त्यांची रीत ऐसपैस. कुणी विचारलं, "कढीपत्त्याची पानं पिवळी पडतात, काय करू?" की आतोबा आधी विचारणार, "गाव कोणतं?" समोरचा नांदगावचा निघाला तर नांदगावात कुठं, पाणी बोअरचं की नळाचं, मग आडनाव, मग त्या आडनावाचे कुणी वीजकेंद्रात होते का. लासलगावच्या एका बाईंना कढीपत्त्याचं औषध मिळायच्या आधी मुलासाठी स्थळ मिळालं. औषधही मिळालं नंतर. ते बहुधा आंबट ताकच असतं.

नव्या सभासदांना हे चऱ्हाट सोसेना. रोज तोच प्रश्न येतो, तर उत्तर एकदाच लिहून फोरमच्या माथ्यावर पिन करून टाका, अशी मागणी आली. आतोबा बिघडलेच. "नांदगावचं पिवळं पान वेगळं, एकलहऱ्याचं वेगळं. डॉक्टर काय दवाखान्याच्या दारावर गोळी चिकटवून घरी जातो का?" मतदान झालं आणि आतोबा सपशेल हरले. त्यांच्या बाजूनं मी होतो, नात्याला जागून, आणि लासलगावच्या त्या बाई. हरल्यावर मात्र उत्तर त्यांनी स्वतःच लिहून वर लावलं, ऊन, पाणी, माती, ताक सगळं घालून, इतकं नेटकं की कुणाला काही विचारायला जागाच उरली नाही.

आणि खरंच कुणी विचारेना. मी भेटायला गेलो तर आतोबा फोन चार्जिंगला लावून त्याच्यासमोर बसलेले. "चालू आहे ना रे हा? बघ जरा." फोन उत्तम चालू होता. मला फार वाईट वाटलं.

घरी येऊन मी फोरमवर प्रश्न टाकला, "कढीपत्त्याची पानं पिवळी पडतात, काय करू?" एकानं लगेच सुनावलं, "वर पिन केलेलं वाचा." त्याच्याखाली आतोबांचं आलं, "थांब. पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. येतो."

आमच्याकडे कढीपत्ताच नव्हता. बायकोनं धावत जाऊन शेजारणीची कुंडी मागून आणली, तीही नेमकी हिरवीगार. थोड्याच वेळात आतोबा ताकाची बाटली घेऊन हजर. कुंडीभोवती फिरले, पानं उलटून पाहिली. मी चोरासारखा उभा.

"झाड तर चांगलं आहे की."

"हो, पण पुढं कधी पडली पिवळी तर?"

आतोबा ताकाची बाटली खाली ठेवून खुर्ची ओढून बसले. "बरं केलंस, आधीच विचारलंस." मग संध्याकाळपर्यंत बोलत राहिले. मातीवरून निघालेली गोष्ट आत्यावर आली, चहा दोनदा झाला. निघताना चपला घालता घालता म्हणाले, "आणखी कुणाला काही अडलं तर पाठव माझ्याकडे. मी घरीच असतो."

शेजारणीला आम्ही दुसरी कुंडी आणून दिली. ही ठेवून घेतली आहे, आतोबा तिला बघायला येतात.