ठिपकीच्या पोटातले मणी

खटपटेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण बंद पडलेला मिक्सर, मुका झालेला रेडिओ, नुसताच गुरगुरणारा पंखा, जे येईल ते हे उघडून बसत. म्हणून गल्लीनं हे नाव ठेवलं आणि ते त्यांना असं चिकटलं की पोस्टमनसुद्धा याच नावानं हाक मारी. पुढच्या खोलीत त्यांचं टेबल, मागे अंगण आणि अंगणात चार कोंबड्या. माणूस तसा धीराचा. एकदा शॉक लागून खुर्चीसकट खाली आले, तेव्हाही आधी विचारलं, "मिक्सर पडला नाही ना?"

त्या सकाळी मात्र खुराडं उघडताच त्यांचा धीर सुटला. ठिपकी, चौघींतली सगळ्यात दांडगी, कोपऱ्यात कुशीवर पडली होती. मान उलटी वळून पाठीला टेकलेली, डोळे आभाळाकडे. एक पाय पुढे ताठ, दुसरा मागे. उचलून उभी केली तर मागेमागे सरकत भिंतीवर आपटली आणि पुन्हा कोसळली.

"अहो, साथ असेल," काकू दारातूनच म्हणाल्या. "बाकीच्या तिघी लांब ठेवा. आणि तुम्हीही जपून."

शेजारच्या बेकरीवाल्यानं कुंपणावरून मान लांब केली. "काका, आजच कापा. उद्या मेली तर फुकट जाईल."

"आधी तुला तुझ्या भट्टीत घालतो," काका म्हणाले, पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

ठिपकीवर त्यांचा एवढा जीव असण्याचं कारण होतं चिमी. मुलाची मुलगी, चार वर्षांची, आणि खाण्याच्या नावानं बोंब. ताटातलं सगळं जिथल्या तिथं ठेवून उठायची. फक्त ठिपकीचं तपकिरी अंडं तेवढं निमूट खायची. गेलं दीड वर्ष रोज एक. ते काका स्वतः उकडून, सोलून भरवत.

काकांनी पिठाच्या कापडी पिशवीला दोन भोकं पाडली, त्यातून ठिपकीचे पाय खाली सोडले आणि पिशवी बादलीच्या तोंडाला बांधली. कोंबडी झोपाळ्यात बसल्यागत झाली. मग तास-दीड तासानं एका हातानं मान सरळ धरायची आणि दुसऱ्यानं ड्रॉपरमधून थेंबथेंब पेज सोडायची. जरा जास्त गेली की ठिपकी गुदमरे आणि काका ड्रॉपर बाजूला करून तिची चोच पुसत. बोटांखाली ती मान सारखी थरथरायची. बारीक सोल्डरिंगचं, वितळवलेल्या धातूनं तारा जोडायचं काम तीन दिवस मागे पडलं. मधेच गिऱ्हाइकाला बसवून ते अंगणात धावत, श्वास चालू आहे का पाहत आणि परत येत.

चौथ्या दिवशी ते तिला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथली डॉक्टरीण वयानं त्यांच्या मुलीसारखी. तिनं एक्सरे काढून उजेडापुढे धरला. ठिपकीच्या पोटात, दाणा दळला जातो त्या पिशवीत, सात-आठ पांढरेशुभ्र मणी दिसत होते.

"खडे असतील," काका म्हणाले. "कोंबड्या खातातच."

"खडे इतके पांढरे दिसत नाहीत, काका. हा धातू आहे. तुमचं काम काय?"

काकांनी काम सांगितलं. आणि सांगता सांगताच त्यांना ते उमगलं.

रोज संध्याकाळी ते टेबल झाडत. कचरा अंगणात टाकण्याआधी त्यावरून न चुकता लोहचुंबक फिरवत. एखादी टाचणी, एखादा स्क्रू कोंबडीच्या घशात रुतू नये म्हणून. या काळजीचा त्यांना अभिमान होता, चारचौघांत सांगतही. पण सोल्डरचे गळलेले थेंब शिशाचे, आणि शिसं चुंबकाला दाद देत नाही. ते गोल, चकचकीत मणी मातीत राहत आणि ठिपकी ते दाण्यासारखे टिपत असे.

"इंजेक्शनं देऊ. वाचेल बहुतेक," डॉक्टरीण म्हणाली. मग तिनं पेन खाली ठेवलं. "शिशाचं विष अंड्यातही उतरतं. हिची अंडी कोण खातं?"

काकांनी कमरेच्या उंचीवर हात धरून दाखवला. एवढी पोर.

घरी येऊन ते पायरीवरच बसले. सून शाळेची बस चालवायची. जिभेनं तिखट, पण सासऱ्यावर आंधळा विश्वास. तिला काय सांगायचं? न सांगता अंडी बंद करावीत, हा विचार त्यांच्या मनात आला, खोटं कशाला बोला. दोनदा आला. पण बसचा हॉर्न वाजला, ती फाटकातून आत आली आणि काका उठून उभे राहिले आणि सगळं बोलून गेले.

सुनेनं चिमीला कडेवर घेतलं आणि तशीच रक्त तपासायला घेऊन गेली.

रिपोर्टला दोन दिवस लागणार होते. ते दोन दिवस काकांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. चिमी उंबऱ्याला अडखळली तरी ते तिला उचलून तिचे पाय तपासत. दुसऱ्या दुपारी ते खोलीत गेले आणि जागीच थिजले. चिमी जमिनीवर कुशीवर पडली होती. मान मागे वळलेली. एक पाय पुढे, एक मागे.

काका ओरडले. काय ओरडले ते शब्द नव्हतेच. काकू हातातलं भांडं टाकून धावल्या.

चिमी उठून बसली आणि रडवेली झाली. "मी ठिपकी झाले होते, आजोबा."

त्यांनी तिला छातीशी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. अंगणात खरी ठिपकी त्याच दिवशी मान सरळ करून आपणहून एक दाणा टिपत होती. काकूंनी ते येऊन सांगितलं, तर काकांनी नुसतं "बरं" म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सगळे मुलांच्या डॉक्टरांपुढे बसले. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. "शिसं आहे, पण थोडं. औषधाची गरज नाही. अंडी बंद, अंगणातली माती बंद. हळूहळू उतरेल. महिन्यानं पुन्हा तपासू."

काका तिथेच ढसाढसा रडले. तीन दिवस अबोल असलेल्या सुनेनं त्यांचं कोपर धरलं. "चला."

"घरी?"

"नाही. आता तुमचं रक्त."

"माझं कशाला, पोरी? मी कुठं अंडी खातो?"

"दोन्ही हात कामात असले की ती सोल्डरची तार तुम्ही कुठं धरता, बाबा?"

काकांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. दातांत. चाळीस वर्षं ते ती तार दातांत धरत आले होते.

सुनेनं त्यांना खुर्चीत बसवलं, बाहीचं बटण काढलं आणि बाही कोपरावर दुमडली. ती बाही तिनं उलगडून पुन्हा दुमडली. काकांनी वर पाहिलं. ती रागावली असेल असं ते तीन दिवस धरून चालले होते, पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हताच. ती त्यांच्यासाठी घाबरली होती.