एक मिनिट चालू ठेवलेलं इंजिन

बंडू मिस्त्री गेला त्याला आता महिना होतोय. फोन आला तेव्हा मी करडीतल्या घरी होतो. गाडी काढली आणि साकोलीपर्यंत नुसती पळवत नेली. ज्याचं सांगणं मी कधी मनावर घेतलं नाही, त्याच्याच दारी निघालो होतो.

साकोलीत हायवेला लागून त्याचं गॅरेज, मागे घर. माझी जुनी, बिनटर्बोची गाडी त्यानंच सांभाळली. शाळेतून रिटायर झालो आणि मी हौसेनं टर्बोवाली घेतली. बंडूनं बॉनेट उघडलं, कान देऊन ऐकलं. म्हणाला, "गुरुजी, तुमची जुनी आपल्याच दमानं हवा ओढे. जेवढा पाय दाबा, तेवढी चाले. इले फुकनी लावली हाय. चुलीत फुकनी मारली का जाळ कसा भडकते? तसा जोर येते. पण हा टर्बो लय तापते. लांबून आले का एक मिनट चालूच ठेवा, तेल फिरू द्या त्याच्यात. मंग बंद करा."

एक मिनिट! आयुष्यभर पोरांना वीज वाचवा, पाणी वाचवा शिकवलेला माणूस मी. उभ्या गाडीत पेट्रोल जाळायचं? छे! थांबलो की चावी फिरवायचो. दोन वर्षांत टर्बो बसला. आता कोणत्या तोंडानं जाणार त्याच्याकडे? गुपचूप नागपूरला दुरुस्त करून आणला, आणि पुढे साकोलीतून जाताना गॅरेजसमोर काच वर करायचो... लाज वाटते लिहिताना. सवय मात्र तरीही सोडली नाही, असा मी हट्टी.

मग कळलं, त्याची फुफ्फुसं निकामी होत चाललीत, भंडाऱ्याच्या दवाखान्यात आहे. माफी मागायचीच, असं ठरवून गेलो. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून तो हसला, "पाहा गुरुजी, मले बी फुकनी लावली." मी काही बोलायच्या आत त्यानं विचारलं, "एक मिनट चालू ठेवता ना?"

"ठेवतो," मी म्हणालो. साफ खोटं. खाली गाडी लावताच चावी फिरवून वर आलो होतो. माफी राहिली ती राहिलीच.

फोन आला त्या दिवशी साकोलीत पोचलो तेव्हा तिरडी उचलायच्या तयारीत होते. हात चावीवर गेला आणि तिथंच थांबला. इंजिन चालू ठेवून मी बसून राहिलो. कुणीतरी काच वाजवली, "उतरा ना गुरुजी, काहून बसून राहिले? सारे थांबले हायेत."

बंडूची बायको दारात उभी होती. नवऱ्याचं ते सांगणं तिनं गिऱ्हाइकागणिक ऐकलेलं. ती म्हणाली, "बसू द्या त्यायले. एक मिनट थांबा."

सगळे थांबले. मिनिट भरलं, मी चावी फिरवली, आणि मगच मला रडू आलं.