सातेरीनं दिलेलं दुष्टाचं काम

देव भक्ताची परीक्षा घेतो असं म्हणतात. आमच्या देवीनं, सातेरीनं, माझी परीक्षा घेतली नाही, चक्क फजिती केली, असं मला बरेच महिने वाटत होतं. त्या काळात मी तिच्या देवळात जायचो, पण हात जोडताना मनात रुसलेला असायचो. हे लिहितोय ते थोडं त्या रुसव्याची माफी मागण्यासाठीच.

आमचं गाव पेडणे तालुक्यात, धारगळपासून जवळच. हमरस्त्याला लागून माझं किराणा दुकान आहे. गावच्या जत्रेत आम्ही गावकरीच नाटक करतो आणि त्यात गेली बावीस वर्षं विष्णूचं काम माझ्याकडे आहे. त्या दिवशी मी कडक उपास करतो. मुकुट चढवून बाहेर आलो की बायका तान्ही पोरं आणून माझ्या पायांवर घालतात, म्हातारी माणसं वाकून नमस्कार करतात. तो नमस्कार देवाला असतो हे मला कळत होतं, पण वळत नव्हतं. दुकानात तांदूळ तोलतानासुद्धा माझा उजवा हात आशीर्वाद दिल्यासारखा वर जाई. बायको म्हणायची, "मुकुट काढलो, पण मान काय अजून खाली येना."

एक दिवस डिचोलीची एक मुलगी दुकानात आली. ती चित्रपट दिग्दर्शित करत होती. ज्या मुलांना स्वतःचे आईबाप नाहीत आणि ज्यांना सरकार दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देतं, अशा मुलांना गोड बोलून पळवणाऱ्या, विकणाऱ्या माणसांबद्दलची ती गोष्ट होती. मला वाटलं, मला कुणा सज्जन आजोबांचं काम असेल. पण तिला मी हवा होतो तो मुलींना फसवून नेणाऱ्या मामाच्या कामासाठी. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मीच का, असं विचारलं तर ती शांतपणे म्हणाली, "काका, तुमचां तोंड बघून लोकांचो विश्वास बसता. असल्या माणसांचां तोंड तसांच असता."

घरी बायकोनं तर डोक्यालाच हात लावला. "देवाचां काम करणारो मनीस तुमी. पोरां पायांर घालतत ती बायलां काय म्हणतली?" मला नकार द्यायचा होताच, पण तो आपल्या तोंडानं द्यायला जड जात होतं. तेव्हा मी एक युक्ती काढली. आमच्याकडे अडल्या वेळी देवीचा कौल घेतात. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सातेरी नको म्हणणार याबद्दल मला इतकी खात्री होती की नारळ घेऊन मी जवळजवळ हसतच देवळात गेलो. गुरवाचं गाऱ्हाणं अजून संपायचं होतं, तेवढ्यात उजवी पाकळी टपकन खाली आली. गुरव म्हणाला, "आता बोलू नको. आईन सांगलां." दोन दिवस धुसफुसलो आणि मग त्या मुलीला होकार कळवला.

शूटिंग सुर्ल्याच्या बाजूला एका बंद घरात होतं. माझ्यासमोर कॉलेजची एक गुणी मुलगी अनाथ पोरीचं काम करत होती. मी तिला शहरात कामाचं आमिष दाखवायचं, आणि "कार्ड माझ्याकडे असू दे, तुझ्याकडून हरवेल" असं म्हणून तिचं आधार कार्ड खिशात टाकायचं, असं लिहिलेलं होतं. त्या प्रसंगात ती मुलगी खरीच रडू लागली आणि आपलं वाक्य विसरली. सगळे थांबले. कॅमेरा चालूच होता. आणि माझ्या तोंडून निघालं, "जेवलंस गो बाय?" ते कुठे लिहिलेलं नव्हतं, मी ठरवलेलंही नव्हतं. ती पोर मान हलवत माझ्याकडे इतक्या विश्वासानं बघू लागली की मलाच माझी भीती वाटली. दिग्दर्शिकेनं ते वाक्य तसंच ठेवलं. मला मात्र घरी येईपर्यंत चैन पडेना. इतकं गोड, इतकं वाईट माझ्या आत कुठून आलं? देवाचं काम करणाऱ्याच्या जिभेवर हे कुणी ठेवलं? त्या संध्याकाळी मी सातेरीला दोष दिला, हे कबूल करतो.

चित्रपट पहिल्यांदा दाखवला तो डिचोलीतल्या एका शाळेच्या सभागृहात, एप्रिलमधल्या रविवारी दुपारी. मी टोपी कपाळावर ओढून शेवटच्या बाकावर बसलो. ओळखीच्या बायका येऊ नयेत एवढंच मागणं होतं. माझ्या पुढच्या रांगेत एक बाई आणि सतराएक वर्षांची मुलगी नवी कोरी बॅग मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नंतर कळलं की त्या चित्रपटाला आल्याच नव्हत्या. सुर्ल्याला जाणारी बस चुकली होती, ऊन मी म्हणत होतं, आणि दार उघडं दिसलं म्हणून त्या पंख्याखाली बसायला आत आल्या होत्या.

पडद्यावर माझा तो प्रसंग आला. "जेवलंस गो बाय?" असं मी म्हटलं आणि पुढच्या रांगेतली बॅग धाडकन खाली पडली. ती मुलगी उठून उभी राहिली होती. बाई तिला खाली ओढत होती आणि ती बसेना. दिवे लागल्यावर काय झालं म्हणून मी पुढे झालो, टोपी काढली, आणि तिनं मला पाहिलं. ती मागे सरली, भिंतीला पाठ लागेपर्यंत. बावीस वर्षांत एकही मूल माझ्यापासून असं मागे सरलं नव्हतं. दिग्दर्शिकेनं मला खुणेनं बाहेर जायला सांगितलं. मी व्हरांड्यात, उघड्या खिडकीशी थांबलो, आणि आतलं सगळं मला ऐकू आलं.

ती मुलगी त्या बाईंकडे सरकारनं सांभाळायला दिलेली होती. आईबाप बेळगावकडून बांधकामावर आलेले, दोघंही गेलेले. पुढच्या महिन्यात तिला अठरा पूर्ण होणार आणि सरकारी कागदावरचा सांभाळ संपणार. आता हिचं पुढे कसं, या काळजीत बाई असतानाच एक भला गृहस्थ घरी येऊ लागला. मंगळवारी तो तिला लांबच्या शहरात हॉटेलच्या नोकरीवर घेऊन जाणार होता. बॅग त्यासाठीच घेतली होती. मुलगी रडत म्हणाली, "आमच्याकडे येता तो मामापण असांच विचारता. जेवलंस गो बाय म्हणान. माझां कार्ड त्याच्याकडेच आसा. ह्या मावशेक सांगू नको म्हणालो." बाईंनी ती नवी बॅग बाकाखाली ढकलली.

दिग्दर्शिकेनं तिथूनच फोन लावले. दोन महिला पोलीस आल्या, जबाबासाठी दोघींना घेऊन गेल्या. तो माणूस दुसऱ्या दिवशी वास्कोत सापडला आणि त्याच्याकडे आणखी मुलींची कार्डं निघाली. दिग्दर्शिका मला नंतर म्हणाली, कार्ड घेतलेलं त्या मुलीला खटकलंच नव्हतं. ओळख पटली ती त्या तीन शब्दांनी. मी घरी न जाता आधी देवळात गेलो आणि सातेरीपुढे आडवा पडलो. ते शब्द माझ्या तोंडात कुणी घातले, बस कुणी चुकवली, यावर मी वाद घालत नाही. मला एवढंच समजलं की मी देवाचं काम केलं तेव्हा लोक माझ्या पाया पडले, आणि दुष्टाचं केलं तेव्हा देवीनं मला वापरलं. कुठलं काम द्यायचं ते तिला कळतं. आपण फक्त तोंड रंगवून उभं राहायचं.

मुलगी आता डिचोलीत शिवणकामाचा कोर्स करते. अठरा झाली तरी बाईंनी तिला जाऊ दिलं नाही. त्या घरात ती आता सरकारी कागदाशिवायच घरची आहे. परवा त्यांच्याकडे सत्यनारायण होता आणि आम्हा नवराबायकोला आग्रहाचं बोलावणं होतं. मुलगी माझ्यासमोर आली नाही. बाईंना संकोच वाटला, त्यांनी आत जाऊन तिला नमस्काराला बाहेर यायला सांगितलं, आणि आतून तिचा स्पष्ट आवाज आला, "माका नाका." घरात कुणीही तिला दुसऱ्यांदा विचारलं नाही. मला त्याचा इतका आनंद झाला की काय सांगू. पोरीला नको म्हणता येत होतं आणि तिचं नको ऐकणारं घर होतं. मी ओसरीवर अंगणाकडे तोंड करून, घराला पाठ देऊन बसलो, म्हणजे तिला मोकळेपणानं वावरता येईल. प्रसादाचा शिरा खाल्ला. थोड्या वेळानं मागे हलकी, बिचकती पावलं वाजली, सगळ्यांची ताटं गोळा झाली, मग माझ्या बाजूचंही ताट अलगद उचललं गेलं. मी मान वळवली नाही. मुकुट घालून उभा असतानासुद्धा देव माझ्या इतक्या जवळून कधी गेला नव्हता.