गल्ल्यातलं शेवटचं पान

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. दुष्काळामुळं पाणी टँकरनं यायचं. त्या वर्षी टोपणनावानं लिहिलेली माझी पहिली विनोदी रहस्यकथा स्टँडजवळच्या भाड्याच्या वाचनालयात फिरत होती. लेखक मीच, हे फक्त वाचनालयवाल्या काकांना माहीत होतं.

काका स्वतः कधी हसत नसत. उभ्याउभ्या शेवट वाचून कुणी भाडं न देता जाऊ नये म्हणून ते प्रत्येक रहस्यकथेचं शेवटचं पान कापून गल्ल्यात ठेवत. पुस्तक परत आलं की समोर बसवून वाचायला देत. "लोकं लई हसायलेत," एवढंच मला सांगत.

एके दुपारी टँकरवाले शेठ आले. माझ्या कथेतला पाणीचोर मी त्यांच्यावरूनच बेतला होता, पण ते शेवटच्या पानावरच कळत होतं. मी तिथंच बसलो होतो; पेपर तोंडापुढं धरला.

शेठनी पुस्तक टेबलावर आपटलं. "लिहिणारा इथलाच दिसतोय. चोर कोण हाय? पान द्या."

काकांनी गल्ला उघडला, आत बघितलं, बंद केला. "पान हरवलंय, शेठ. चोर हवालदार निघतो."

शेठ पोट धरून हसले आणि गेले.

काकांनी गल्ल्यातून पान काढून माझ्या खिशात कोंबलं. "हवालदारसाहेबांनी बी पुस्तक नेलंय," ते म्हणाले. "उद्या परत आणतील. त्यांना चोर कोण सांगू?"