फाट्यावरचा म्हसोबा

आमच्या गावच्या फाट्यावर नवा रस्ता वाकतो. अगदी एक बैलगाडी मावेल इतका. देगलूरकडे जाणारे ट्रकवाले तिथं वेग कमी करतात, हात छातीला लावतात आणि पुढं जातात. ते बघितलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तिथं म्हसोबा नाहीच. शेंदराच्या खाली पाच माणसांच्या नावांचा दगड आहे.

निजामाच्या राजवटीत रझाकारांनी आमच्या गावची पाच माणसं ओढ्यावर गोळ्या घालून मारली. पुढं गावानं एक काळा दगड घडवून घेतला, त्यावर पाच नावं कोरली आणि तो फाट्यावर उभा केला. तिसरं नाव माझ्या थोरल्या चुलत्यांचं. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. त्यांचा फोटो नाही, नाव कुठल्या कागदावर नाही. हा माणूस होऊन गेला हे सांगणारं त्या दगडाशिवाय काहीच नाही.

आणि माझी आत्या. ती त्यांची धाकटी बहीण, तेव्हा परकरातली पोर. आता नव्वदीला टेकली आहे. तिला अक्षर येत नाही. माझ्या वडिलांनी एकदा तिचं बोट धरून तिसऱ्या ओळीवरनं फिरवलं होतं. तेवढी एक ओळ ती वाचते, तीही बोटानं. दर सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, ती कळशीभर पाणी नेऊन दगड धुवायची, बोट फिरवायची आणि घरी यायची. भाषण ऐकायला कधी थांबली नाही.

रस्ता रुंद व्हायचं ठरलं तेव्हा दगडावर लाल फुली पडली. मी लातूरला नोकरीला. रजा टाकून टाकून कचेरीत हेलपाटे घातले. अर्ज दिला, फोटो दिले, गावकऱ्यांच्या सह्या दिल्या. साहेबानं रस्त्यात येणाऱ्या गोष्टींची यादी उलटून-पालटून पाहिली. त्यात विहिरी होत्या, झाडं होती, देवळं होती, एक पीर होता.

"स्मारक म्हणून नोंद नाही तुमची."

"साहेब, माणसं मेलीत तिथं."

"धार्मिक स्थळ असतं तर वेगळं होतं. गाव अडून बसतं, आम्हाला विचार करावा लागतो." हे तो अगदी सहज बोलला, चहाचा कप पुढं सरकवत. मला तो कप भिंतीवर फेकावासा वाटला. मी तो प्यालो आणि उठलो. त्या पिण्याचीही मला अजून लाज वाटते.

घरी येऊन मी संतापात हे सगळं आत्याला सांगितलं.

जेसीबी यायच्या दिवशी मी सकाळच्या पहिल्या गाडीनं फाट्यावर उतरलो. बघतो तर दगड वरपासून खालपर्यंत शेंदरानं लाल. पितळी डोळे चिकटवलेले, पुढं नारळ, लिंबू, उदबत्ती. जेसीबीचा ड्रायव्हर चप्पल काढून हात जोडून उभा. "मी न्हाई हात लावणार," एवढंच म्हणत होता. मी गावावर ओरडलो. कोणी केलं हे? पाच नावं पुसलीत तुम्ही, लाज वाटत नाही? मग आत्यानं माझी बाही ओढली. तिची बोटं लाल होती.

"मीच फासला. वरडू नको."

"आत्या, अगं तुझ्याच भावाच्या नावावर?"

"मंग काय करू? तू इतके दिस कागद घेऊन फिरलास. भ्यालं का कुनी तुला? म्हसोबाला भेतेत. दगुड तर राहील."

दगड राहिला. रस्ता वाकला. ज्या कचेरीला पाच मेलेल्या माणसांसाठी हातभर जागा सापडत नव्हती, तिला देवासाठी गाडीभर सापडली. मी कचेरीवर चिडतो, पण आम्ही तरी काय वेगळे? नावं दिसत होती तोवर आमच्यातलं कोणी तिथं कधी उदबत्ती लावली नव्हती. आता शनिवारी रांग लागते. वर पत्रे घातले आहेत आणि पत्रे देणाऱ्यांची नावं ठसठशीत रंगवली आहेत. गेल्या उन्हाळ्यात मी रॉकेल आणि चिंधी घेऊन शेंदूर काढायला गेलो तर गावातलेच चार जण अंगावर आले. "देवाला हात लावायचा न्हाई." त्यातल्या एकाच्या सख्ख्या आजोबांचं नाव पहिल्या ओळीत आहे. मी ते सांगितलं. "असंल," म्हणाला.

यंदाच्या सतरा सप्टेंबरला झेंडा फाट्यावरच लागला. पाहुणे माईकवर म्हणाले, "ज्ञात-अज्ञात हुतात्म्यांना वंदन करू या." अज्ञात! त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर पाचही नावं होती.

सगळे पेढे घेऊन गेल्यावर आत्या दगडाजवळ गेली. शेंदूर आता बोटाच्या पेरभर जाड झाला आहे. ती वरून खाली चाचपत राहिली, मग परत वर गेली.

"मला घावंना रे. तिसरी वळ कुठंय?"

मी तिचं बोट धरलं आणि अंदाजानं एका जागी ठेवलं. "ही बघ, इथं," म्हणालो. तिनं त्या गुळगुळीत शेंदरावरून सावकाश, डावीकडून उजवीकडे बोट फिरवलं आणि मान हलवली. तिथं नाव होतं की नव्हतं, मला माहीत नाही.