अब्बांनी घर दिलं तो रविवार

माझ्या सासऱ्यांना मी घराबाहेर काढलं, असं धुळ्यात आमच्या गल्लीत अजून काही लोक म्हणतात. म्हणू देत. दार मीच लावलं होतं, आतून कडी घालून.

आम्ही पिंजारी, गाद्यांचं काम. अब्बा, म्हणजे माझे सासरे, कापूस पिंजायचे, मी खोळी शिवायचे. मागे दोन खोल्या, पुढे दुकान, सगळं अब्बांच्या कमाईचं आणि त्यांच्याच नावावर. नवरा गेला तेव्हा माझी मुलगी शाळेत होती. थोरले दीर जळगावला असतात, त्यांचा फर्निचरचा धंदा जोरात आहे. एका ईदला ते आले आणि जेवता जेवता सहज म्हणाले, "अब्बांच्या मागे इथं मस्त शोरूम काढू." मी पोळ्या वाढत होते. मी आणि मुलगी कुठं जायचं, ते काही त्यांनी सांगितलं नाही. अब्बांनी ताट बाजूला सारलं.

त्याच आठवड्यात अब्बा मला घेऊन वकिलाकडे गेले. वकील आमच्याच समाजाचे, त्यांनी आडपडदा ठेवला नाही. बापाच्या आधी एक मुलगा गेला आणि दुसरा हयात असला, तर आमच्या कायद्यात गेलेल्याच्या बायकापोरांना सासऱ्याच्या मागे काहीच मिळत नाही. मृत्युपत्र केलं तरी तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच. सगळं घर द्यायचं तर जिवंतपणी बक्षीस द्यायचं, हिबा करायचा.

"पण नुसत्या कागदावर भागत नाही," वकील म्हणाले. "ताबा सोडावा लागतो. आणि हिंडतेफिरते आहात तोवर करा, अंथरूण धरल्यावर दिलेलं पूर्ण टिकत नाही." एका घरात राहत असल्यावर बाहेर पडायची सक्ती नाही, असंही ते म्हणाले. पण उद्या भांडण कोर्टात गेलं तर शेजाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

"मग निघतो की मी घरातून," अब्बा म्हणाले, भाजी आणायला निघाल्यासारखे. त्यांच्या छातीचं दुखणं तेव्हा सुरू झालेलं होतं.

रविवारी सकाळी त्यांनी गल्लीतले दोन वडीलधारे साक्षीला बोलावले. आपले कपडे, दाढीचं सामान, गोळ्या, सगळं एका बॅगेत भरलं. मग किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या आणि सगळ्यांदेखत आमच्या अहिराणीत म्हणाले, "हाई घर आते तुनं शे. घेतलं का?"

"घेतलं," मी म्हटलं. घर आता माझं झालं होतं.

"मग दार लाव. दुपारची नमाज झाली की येईन. त्याआधी कोणी काही बोललं तरी मला आत बोलावू नको."

समोरच्यांच्या ओट्यावर ते बॅग मांडीवर घेऊन बसले. उन्हाळ्याचे दिवस, ओट्यावर सावली कसली, नावाला. मी खिडकीतून बघत होते. मनात म्हणत होते, हे घर नको आणि काही नको, उठा आणि या.

ऊन डोक्यावर आलं तसे थोरले दीर आले. जळगावला कोणीतरी फोन केला असणार, आमच्या गल्लीला त्याची हौस आहे. बापाला ओट्यावर बघून त्यांनी आमचं दार बडवलं. "बघा रे, म्हाताऱ्याला उन्हात बसवलंय या बाईनं. आत पंख्याखाली बसलीय." लोक जमले. माझ्या अंगाची लाही लाही झाली, पण मी कडी काढली नाही.

मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. अब्बांजवळ जाऊन म्हणाले, "चला अब्बा, आत चला. आपलंच तर घर आहे."

मला कळलं ते काय करतायत. दोघा साक्षीदारांसमोर अब्बा "हो, आपलंच" म्हणून आत आले असते, तर सकाळचं सगळं पाण्यात. अब्बा मुलाच्या खांद्याला धरून उठले. चेहरा पांढरा पडला होता. माझा हात कडीवर गेला. त्यांना तिथं काही झालं असतं तर मी कोणत्या तोंडानं त्या घरात राहिले असते? आणि कडी काढली असती तर मुलीला घेऊन कुठं राहिले असते?

"माझं नाही ते घर," अब्बा म्हणाले. "सकाळी देऊन टाकलं. मालकीण म्हणाली तर येईन."

मग मुलाचाच हात धरून अब्बा मशिदीत गेले.

परत आले तेव्हा मी दार उघडं टाकून उंबऱ्यात उभी होते. दीर मागे होतेच. अब्बा पायरीखाली थांबले. "येऊ का?"

"या ना अब्बा."

ते आत आले आणि खोलीच्या मधोमध उभे राहिले, हातात बॅग. "ही कुठं ठेवू?"

मी इतकी चिडले की रडूच आलं. ज्या माणसानं या भिंतींच्या विटा स्वतः वाहिल्या, तो मला विचारत होता. "अब्बा, पुरे आता ते नाटक."

"नाटक नाही बेटी," ते हळूच म्हणाले. "नाटक असलं तर घर तुझं नाही."

थोरले दीर दारात उभे राहून ऐकत होते. मी डोळे पुसले आणि आवाज चढवून, हुकूम सोडल्यासारखं म्हटलं, "खाटेखाली ठेवा. आणि हात धुऊन जेवायला बसा."

अब्बांनी वाकून बॅग खाटेखाली सरकवली आणि हात धुवायला गेले.