चौथ्या मजल्यावरचे अध्यक्ष

परक्या माणसाचं आयुष्य इतकं मनापासून जगलेला गृहस्थ मी उभ्या जन्मात दुसरा पाहिला नाही. जर्सी सिटीच्या आमच्या इमारतीत ते चौथ्या मजल्यावर राहायचे, आम्ही नवव्या. तरुणपणी त्यांच्या कंपनीने त्यांना रेल्वेच्या इंजिनांचं काम शिकायला फ्रान्सला धाडलं होतं. त्याच सुमाराला तिथे नवा अध्यक्ष निवडून आला, उंच, टक्कल पडत चाललेला, हुशार. पदभार घ्यायला तो मिरवत न जाता साध्या सुटात पायी गेला म्हणे, आणि रस्त्याकडेच्या गर्दीत आमचे गृहस्थ उभे होते. तेवढंच. त्या माणसाने यांच्याकडे पाहिलंसुद्धा नसेल. पण यांनी जे मनात धरलं ते तीस वर्षं सोडलं नाही. नदीपलीकडचे दोन मनोरे पडले त्या वर्षीच्या हिवाळ्यात मी नातू सांभाळायला इकडे आले, तेव्हा ते आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष होते. लिफ्टमध्ये माझी ओळख झाली ती त्यांच्याशी नव्हे, फ्रान्सच्या अध्यक्षाशीच. त्याने वेगवान रेल्वे आखली, नवरा-बायकोला राजीखुशीने वेगळं होता येईल असा कायदा केला, अठरा वर्षांच्या पोरांना मताचा हक्क दिला. एवढं ऐकेपर्यंत नववा मजला आला. ते आपला चौथा विसरले होते. मी म्हटलं, “अहो, मी चौथी शिकलेली बाई. मला हे सांगून काय उपयोग?” तर म्हणाले, “ताई, त्यालाही हेच वाटायचं, की साध्या माणसांना कळलं पाहिजे.” मला साधी म्हटल्याचा मला राग आला होता, पण दार बंद झालं.

तो अध्यक्ष अधूनमधून साध्या माणसांच्या घरी जेवायला जाई, म्हणून हेही जात. महिन्याच्या पहिल्या शनिवारी एका मराठी घराची पाळी लागे. तो अ‍ॅकॉर्डियन वाजवत असे, म्हणून यांनीही जुन्या बाजारातून एक आणलं. भाता उघडला की त्यातून दमेकऱ्यासारखा आवाज यायचा. जेवणाआधी वाजवत, जेवणानंतर वाजवत, आणि यजमानाने “वा” म्हटलं की पुन्हा वाजवत. एकदा नागपूरच्या दोन विद्यार्थ्यांकडे गेले. त्या पोरांच्या घरात एक गादी आणि एक भांडं. त्यांनी नूडल्स केल्या आणि भांडं एकच म्हणून तिघे त्यातच जेवले. अध्यक्षांनी विचारलं, “मंडळाकडून तुमच्या काय अपेक्षा आहेत?” एक पोरगा म्हणाला, “काका, पातेली.” पुढच्या आठवड्यात अध्यक्षांनी घरातली अर्धी पातेली त्यांना नेऊन दिली. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं, लागत नव्हती म्हणाले. वारलेल्या त्या बाईंचं स्वयंपाकघर कसं होतं ते मी पाहिलं होतं. ती पातेली लख्ख होती.

कचरा नेणाऱ्या माणसांना त्या अध्यक्षाने घरी न्याहारीला बोलावलं होतं. आमच्या अध्यक्षांनी दिवाळीत इमारतीचा कचरा नेणाऱ्या माणसाला फराळाला बोलावलं. तो धिप्पाड माणूस कोचाच्या काठावर बसला, चकली हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि खिशात ठेवली. मुलाला दाखवतो म्हणाला. अध्यक्षांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याला अ‍ॅकॉर्डियन ऐकवलं. पुढच्या दिवाळीला त्याने सुट्टी घेतली.

पण खरं वाटोळं झालं ते गणपतीच्या आरतीचं. त्या अध्यक्षाने आपल्या देशाचं राष्ट्रगीत सावकाश वाजवायला लावलं होतं, फार धावतं म्हणून. झालं. आपली आरतीसुद्धा धावते, अर्थ कुणाला कळत नाही, असा यांनी शोध लावला. शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये दीडशे माणसं उभी आणि हे समोर हात वर करून एकेक शब्द ओढताहेत. टाळ्या कधी वाजवायच्या तेच कुणाला समजेना. कापूर दोनदा विझला. माझा नातू पदर ओढून विचारत होता, “आजी, इज इट ओव्हर?” मी म्हटलं, “अजून गणपती यायचाय, बाळा.” माझे गुडघे तेव्हापासून त्यांच्यावर रागावलेले.

तरी एक गोष्ट त्यांनी केली ती मी नाकारणार नाही. मंडळात पूर्वी एका घराला एक मत होतं आणि ते घरचा पुरुष देई. यांनी नियम बदलला. अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मत. सुनांना, विद्यार्थ्यांना, आणि माझ्यासारख्या मुलाकडे येऊन राहिलेल्या म्हाताऱ्यांनाही. कार्यकारिणीतले लोक चिडले. “काका, ही पोरं तुम्हालाच पाडतील,” असं एकाने तोंडावर सांगितलं. “पाडू देत ना,” ते म्हणाले. “मत दिलंय, उसनं नाही दिलं.”

पुढच्याच निवडणुकीत पोरांनी त्यांना पाडलं. समोर उभा होता एक अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, पुण्याचा, पलीकडे मॅनहॅटनमध्ये बँकेत कामाला. बोलणं गोड, डोकं शाबूत. आरती वेळेत संपवू, एवढंच त्याने सांगितलं आणि हॉल हसला. मतं मोजून झाल्यावर आमचे गृहस्थ टेबलामागे उभे राहिले. चार वाक्यं बोलले, “येतो” म्हणाले, खुर्ची तशीच रिकामी ठेवून सगळ्यांकडे पाठ केली आणि ताठ मानेने निघाले. त्यांच्या त्या अध्यक्षानेही हरल्यावर टीव्हीवर असंच केलं होतं. फक्त तो बरोबर दाराने गेला. हे घाईत घडीच्या खुर्च्या ठेवायच्या खोलीत शिरले. दार लागलं. आम्ही सगळे बघत राहिलो. आता येतील, मग येतील. आले नाहीत. चूक झाली म्हणून परत सगळ्यांसमोरून जाणं त्यांना जमेना. हळूहळू लोक कुजबुजत घरी गेले.

मी चहा घेऊन आत गेले. रचलेल्या खुर्च्यांच्या मधे ते उभेच होते. एवढ्या खुर्च्या, पण एकही उघडली नव्हती. मी एक उघडून दिली.

“ताई, तुम्ही कुणाला दिलंत?”

“त्या पोराला.”

कपात बघत राहिले. मग म्हणाले, “का?”

“गुडघे दुखतात माझे.”

“मत गुप्त असतं. असं सांगायचं नसतं.”

“तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. जन्मात पहिल्यांदा कुणी मला मंडळात मत दिलं होतं. म्हटलं, खरंच मोजतात का बघू.”

“मोजलं,” ते म्हणाले. चहा अर्धा ठेवला.

पुढच्या महिन्यात पहिला शनिवार आला आणि त्यांना कुणी बोलावलं नाही. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की महिन्यातलं ते एक जेवण ते माणसांत बसून जेवायचे. बाकी एकोणतीस दिवस ते, टीव्ही आणि खिचडी. मी चौथ्या मजल्यावर जाऊन दार वाजवलं. “भरली वांगी केलीत. या वर.”

“आता कोणत्या नात्याने येऊ, ताई?”

“भूक लागते ना? त्या नात्याने या.”

“येतो,” म्हणाले. मी ताट वाढून ठेवलं. वांगी गार झाली. आले नाहीत. मी पुन्हा दोनदा गेले, तिसऱ्यांदा गेले नाही. जायला हवं होतं. उन्हाळ्यात त्यांची मुलगी आली आणि त्यांना टेक्सासला, फ्रिस्कोला घेऊन गेली. तिथे मोठं घर आहे, आवार आहे. चालत जाण्यासारखं मात्र आसपास काहीच नाही, असं त्यांनी कळवलं.

दर हिवाळ्यात मंडळाच्या निवडणुकीनंतर त्यांचा फोन येतो. तब्येत नाही, पाऊसपाणी नाही, एकच प्रश्न. “किती पोरं आली मतदानाला?” पहिल्या वर्षी मी खरं सांगितलं, साठ. दुसऱ्या वर्षीही खरं सांगितलं, बावीस.

यंदा निवडणूक झालीच नाही. अर्ज एकच आला. तो पुण्याचा मुलगा दुसऱ्या राज्यात, अ‍ॅशबर्नला नोकरीला गेला, विद्यार्थी पांगले, आणि जी पोरं उरली त्यांना मंडळात रस नाही. अध्यक्ष कोण झाला ते मलाही आठवून सांगावं लागेल. फोन आला. आवाज पार खाली गेला होता. मुलीने कानाला धरून ठेवला असावा, तिचा श्वास ऐकू येत होता.

“ताई, किती आली?”

“हॉल भरला होता,” मी म्हटलं. “काही जण उभे होते.”



“पोरीसुद्धा?”

“पोरी जास्त.”

“मग मी पडलो ते बरं झालं,” ते म्हणाले, आणि सावकाश हसले.